काच गप्प झाली, आरसा बोलू लागला

“काका, वर चला. खून झालाय.”

दारात दादा उभा होता. अंगात बनियन, पायात एकच चप्पल. जमादार दाढीचा साबण फासून आरशासमोर उभे होते. पोलिसातली नोकरी सुटून वर्षं लोटली, तरी ‘खून’ म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

“कुणाचा?”

“गिटारचा.”

जमादारांनी खाली ठेवलेला वस्तरा पुन्हा उचलला. “इतकी वर्षं मी अर्ज करतोय, आणि काम दुसऱ्यानंच उरकलं?”

अर्जांचं खरं होतं. जमादारांच्या डोक्यावर दादाच्या बँडची तालमीची खोली होती. दादा गायचा, त्याचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्यांचं गाजलेलं गाणं गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ठोक्यानं सुरू व्हायचं, आणि तो ठोका पडला की खाली जमादारांच्या खिडकीची काच झिणझिणायची. वर्षानुवर्षं. त्या काचेवर त्यांनी इतके अर्ज लिहिले की पोलीस ठाण्यात त्यांना ‘काचवाले’ म्हणायचे. मग गेल्या पावसाळ्यानंतर काच आपली आपणच गप्प झाली. जमादार खूश. पण थोड्याच दिवसांत कपाटाचा आरसा थरथरायला लागला. एकदा ऐन ठोक्याला त्यांचा गाल कापला. नवा अर्ज गेला. ठाण्यातल्यांनी फक्त टोपणनाव बदललं.

तरी माणूस साधा नव्हता. नोकरीत असताना त्यांनी लग्नाच्या पंगतीत बसलेला चोर नुसत्या ढेकरेवरून ओळखला होता, असं सांगतात. सांगणारे तेच, म्हणून खरंच असणार.

“उद्या रेकॉर्डिंग आहे, काका,” दादा म्हणाला. “पियानोवाली येतेय. गळा साथ देत नव्हता म्हणून किती दिवस मी नाही नाही म्हणत होतो. आता आवाज परत आलाय. कशानं आला ठाऊक नाही, पण आलाय. आणि नेमकं आज हे. गिटार दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिरानंच केलंय. काल धाकट्याशी भांडून गेला, खोलीची एक किल्ली त्याच्याकडेही असते.”

जमादार तोंडावरचा साबण तसाच ठेवून जिना चढले.

गिटार टेबलावर होती. खाली घडी घातलेला टॉवेल. सहाही तारा मधोमध कापलेल्या, पण एकही उसळून वळलेली नाही. पावसानंतरच्या गांडुळांसारख्या सगळ्या लोळत पडलेल्या. कापलेली टोकं चावून तोडल्यासारखी. वरच्या खुंट्यांचे कान सहा दिशांना. कुलूप शाबूत. कोपऱ्यात हत्यारांचा डबा, त्यात एक बोथट पक्कड.

धाकटा अँपच्या खोक्यावर बसला होता. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत.

“कारागिराशी भांडलास?” जमादारांनी विचारलं.

“भांडलो. गिटारचं दुखणं त्याला सापडत नाही.”

“दुखणं काय?”

“जाडी तार मानेवरच्या फ्रेटच्या पट्टीला घासते, खर्र करते. जोरात छेडली की सूर आधी वर उडतो, मग जागेवर येतो. आवाजाला धार नाही, नुसता चिखल. आणि त्याच्याकडून आली की दरवेळी तारा सुरापेक्षा वर चढवलेल्या. आमच्या डबीवर बघून मला त्या उतरवाव्या लागतात. साधा सूर जुळवता येत नाही त्याला.”

“डबी म्हणजे?”

“ट्यूनर. तार छेडली की सूर बरोबर आहे का ते दाखवतो. सगळे त्याच्यावरच जुळवतो.”

“मग तारा कारागिरानं कापल्या?”

“असं मी कुठं म्हटलं?”

दादा दाराबाहेर गेल्याचं बघून धाकटा हळूच म्हणाला, “काका, दादाला सांगू नका. उद्यानंतर मी गिटार सोडणार होतो. त्या कारागिराकडे ती गाते. माझ्या हातात आली की खरखरते. म्हणजे दुखणं गिटारला नाही, माझ्या हाताला आहे.”

कारागिराचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. जमादारांना बघताच तो म्हणाला, “आलात? या. बेड्या कुठल्या मापाच्या आणल्यात?”

“तारा तू कापल्यास?”

“मी?” त्यानं खणातून कटर काढला, एक जुनी तार धरली आणि कटरनं तोडली. टोक आरशासारखं गुळगुळीत. “मी कापलं की असं दिसतं. तिथली टोकं कशी आहेत?”

“कुत्र्यानं चावल्यासारखी.”

“मग कुत्रा शोधा.”

“गिटारला काय झालंय?”

“काही नाही. डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो, तसलं पोर आहे ते. इथं ठणठणीत, वर गेलं की आजारी. मी स्वतःच्या ट्यूनरवर जुळवून, वाजवून देतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. तारा ढिल्या, आणि वर मलाच शिव्या.”

परत येताना जमादारांना जिन्यातच दादाची बायको भेटली. तिला सगळे वहिनीच म्हणायचे. बँडच्या वायरी, बॅटऱ्या, प्रवास, सगळं तीच बघायची.

“वहिनी, ती ट्यूनरची डबी कुठं असते?”

“माझ्या पर्समध्ये.” तिनं पर्स काखेत घट्ट धरली. “बॅटरी उतरते म्हणून मी ठेवते. तालमीआधी काढून देते.”

“रेकॉर्डिंग हुकलं तर तुमच्यावर आभाळ कोसळेल.”

“हुकलं तर हुकलं,” ती म्हणाली. मग घाईघाईनं, “म्हणजे, वाईट वाटेलच. पण तो पियानो कशाला हवा होता मध्येच? इतकी वर्षं पियानोवाचून काही अडलं का?”

जमादार घरी आले. तोंडावरच्या साबणाचे वाळून पापुद्रे झाले होते. ते आरशासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. एकदा आरशाकडे बघितलं, एकदा खिडकीच्या काचेकडे. मग तोंड न धुताच पुन्हा कारागिराकडे निघाले.

दुपारी सगळी मंडळी जमादारांच्या खोलीत उभी होती. धाकटा तेवढा वर. कारागिरानं गिटारला नव्या तारा चढवून दिल्या होत्या.

“वहिनी, डबी द्या.”

“बॅटरी…”

“द्या.”

डबी वर गेली. धाकट्यानं तारा जुळवल्या. जमादारांनी काठीनं छताला दोनदा ठोकलं. गाण्याचा पहिला ठोका पडला.

खिडकीची काच ढिम्म. कपाटाचा आरसा थरथरला आणि त्यात उभे सगळेच थरथरले: दादा, कारागीर, वहिनी. वहिनीचा चेहरा सगळ्यांत जास्त.

“आता ह्याची डबी.” जमादारांनी कारागिराचा ट्यूनर वर पाठवला. बराच वेळ खुंट्या फिरल्या. पुन्हा काठी, पुन्हा ठोका.

आरसा गप्प. काच झिणझिणली.

“ओळखलीत?” जमादार म्हणाले. “ही माझी जुनी वैरीण. प्रत्येक वस्तूचा एक सूर ठरलेला. तो वाजला की ती अंग हलवते, एरवी नाही. काचेचा सूर उंच, आरशाचा खाली. मी काच बदलली नाही, आरसा हलवला नाही. म्हणजे वरचा सूर उतरला. आणि वर कुणाला कळलं नाही, कारण गिटार, बेस गिटार, सगळे एकाच डबीवर उतरले. नाव बुडतेय हे नावेतल्याला उशिरा कळतं. मी काठावर बसून अर्ज लिहीत होतो, तरी मलाही नाही कळलं.”

“तारा उतरल्या की सैल होतात,” कारागीर पुटपुटला. “त्याच मापाच्या तारा इतक्या सैल केल्या की फ्रेटवर घासणारच. चिखल होणारच. अरे देवा, म्हणजे गिटार बरीच होती.”

“आणि हातही,” जमादार म्हणाले. “वहिनी, डबीचं काय केलंत?”

वहिनी खिडकीकडे बघत राहिली. “मुद्दाम नव्हतं, काका. बॅटरी बदलताना एक बटण दाबलं गेलं. डबीवर सुराचं अक्षर तेच येतं, पण सूर अर्ध्या पट्टीनं खाली. मला तेव्हा काय कळणार त्यातलं? त्या दिवशी हे गायले आणि कुठंच अडले नाहीत. घरी येऊन दोनदा जेवले. आधीच्या कार्यक्रमात आवाज फाटला होता, तेव्हा पडद्यामागे तोंड धुवायच्या निमित्तानं किती वेळ नळ सोडून उभे होते, ते मी बघितलं होतं. मग डबी तशीच ठेवली. हिवाळ्यात पुन्हा अडायला लागले, तेव्हा तेच बटण मी शोधून आणखी एकदा दाबलं.”

दादा कॉटवर बसला.

“म्हणजे आवाज परत आला नव्हता,” तो म्हणाला.

ढेकरेवरून चोर ओळखणाऱ्या माणसानं गालावरचा वाळलेला साबण नखानं खरवडायला घेतला.

“पण तारा मी कापल्या नाहीत हो,” वहिनी म्हणाली. “पियानो काही आमच्या डबीवर जुळत नाही, तो आला की सगळं उघडं पडणार, म्हणून झोप उडाली होती. पण हे माझ्या हातून नाही झालं.”

“ठाऊक आहे,” जमादार म्हणाले. “तुम्ही कापल्या असत्या तर ताणलेल्या तारेवर कात्री घातली असती आणि गाल फाडून घेतला असता.”

एवढ्यात जिना दणदणला. धाकटा गिटार घेऊनच खाली आला, तोंडभर हसत.

“काका, काय केलंत? दादा, ऐकलंस? एक खरखर नाही. ठोका मारला की छातीत बसतो. माझा हात…” त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले.

“तुझा हात ठीक आहे,” जमादार म्हणाले. “त्याच हातानं तारा का कापल्यास, तेवढं सांग.”

धाकट्याचं हसू मावळलं.

“ज्याला राग असतो तो टॉवेल अंथरत नाही, बाळा. गिटारला ओरखडा नको म्हणून खाली घडी घातलीस. मानेला हिसका बसू नये म्हणून आधी सहाही खुंट्या सैल केल्यास. मग डब्यातल्या पकडीनं कापल्यास. कारागिराकडे कटर आहे, त्याला चावायची गरज नाही. आणि मी विचारलं तेव्हा सगळा दोष त्याच्यावर ढकलायची संधी होती. तू ढकलला नाहीस. तेवढी लाज शिल्लक होती.”

“पियानोच्या शेजारी माझी खरखर उघडी पडली असती,” धाकटा म्हणाला. “दादाचा आवाज इतक्या दिवसांनी परत आला आणि मीच तो बुडवणार. सांगायला जीभ रेटेना. वाटलं, रेकॉर्डिंग थोडं पुढं जाईल, तोवर दादा दुसरा वाजवणारा शोधेल.”

दादा उठला. भावाच्या खांद्यावर हात ठेवला, पण बघितलं बायकोकडे. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

“वर चला,” तो म्हणाला. “खऱ्या पट्टीत एकदा गाऊन बघतो.”

पहिला ठोका पडला. गिटार खरंच गात होती; तारा ताणलेल्या, प्रत्येक सूर वेगळा, घासून लखलखीत केल्यासारखा. खालच्या ओळी दादानं पेलल्या. मग ते वर चढायचं वळण आलं. त्यानं श्वास घेतला, मान वर केली, आणि आवाज वाळलेल्या फांदीसारखा मोडला. पुन्हा एकदा केलं. पुन्हा तिथंच मोडला.

धाकट्यानं वाजवणं थांबवलं. काही न बोलता त्याचा हात खुंटीकडे गेला.

“राहू दे,” दादा म्हणाला.

“दादा, मला आता कारण कळलंय ना. मग खरखरली तर खरखरू दे.”

“खरखरायची नाही,” कारागीर म्हणाला. “जाड तारा लावू. त्यांच्यासाठी खाचा रुंद कराव्या लागतील, मान सावरावी लागेल. मग खाली जाऊनही आवाज भरदार राहील.”

“आणि त्याच्याही खाली जायची वेळ आली तर?”

कारागिरानं कटर खिशात घातला. “आणखी जाड तारा मिळतात,” तो म्हणाला, आणि खाली बघून नसलेला धागा शर्टावरून झटकू लागला.

दुसऱ्या दिवशी पियानोवाली आली. तिनं एक ओळ ऐकली, दादाकडे बघितलं आणि काही न विचारता दोन्ही हात डावीकडे, खालच्या सुरांकडे सरकवले. रेकॉर्डिंग झालं. लोक म्हणतात, गाणं पूर्वीपेक्षा जड झालंय, भारदस्त. म्हणू देत.

जमादारांनी त्यानंतर अर्ज केला नाही. दाढी मात्र तालीम बघूनच करायचे. ठोका पडला की आरसा थरथरायचा, आणि तो थरथरला की त्यांना बरं वाटायचं: दादाचा आवाज अजून तिथंच आहे.

एका संध्याकाळी वर गाणं सुरू झालं. आरसा हलला नाही. जमादार चहाचा कप हातात धरून वाट बघत राहिले. दुसरा ठोका पडला, आणि कॉटखालची लोखंडी पेटी हळूच गुणगुणली.

त्यांनी कप ठेवला. गुडघे धरत खाली वाकले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि पेटीच्या झाकणात घट्ट खुपसली. मग आणखी एक. पेटी गप्प झाली. वर दादा गात होता, कुठंही न अडता.