शैलजाचा थकवा

भर दुपारी दिगंबर गुरुजींच्या पोटऱ्या भरून आल्या. सकाळपासून ते दिवाणावरून उठलेसुद्धा नव्हते.

"भाकऱ्या चालू झाल्या वाटतं," ते तपासायला आलेल्या डॉक्टर मुलाणीबाईंना म्हणाले.

भाकऱ्या थापत होती त्यांची सून शैलजा, खालच्या मजल्यावर, स्वतःच्या पोळीभाजी केंद्रात. दमत होते मात्र गुरुजी. याला श्रमांतर म्हणतात, म्हणजे एकाचा थकवा दुसऱ्याच्या अंगात उतरवणं. घोट्याचं बाहेरचं हाड आणि टाचेची शीर यांच्यामध्ये एक खळगी असते. बोट ठेवून बघा, सापडेल. जुन्या चिनी वैद्यकात त्या बिंदूला कुनलुन म्हणतात. तिथे दोघांनाही केसाएवढी सुई बसवायची. एकाची सुई थकव्याचा संदेश मेंदूकडे जाण्याआधीच अडवते, दुसऱ्याची तो जसाच्या तसा त्याच्या मेंदूला पोचवते. आता घरोघरी हेच चालायचं. म्हातारी माणसं नाहीतरी पडूनच असतात ना, मग घ्या म्हणावं.

डॉक्टरांची हाक ऐकून शैलजा पिठाच्या हातांनीच वर आली.

"गुरुजींच्या हृदयाला हे झेपत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुया आजच काढायच्या."

"काढा की. माझी मी दमेन. मला काय सवय नाही होय?"

"तेच तर. इतकी वर्षं तुमच्या मेंदूपर्यंत काही पोचलंच नाही. ती वाट बुजली. सुई काढली तरी उघडेल असं वाटत नाही."

"म्हणजे मी दमणारच नाही? बरंच झालं की."

"दमाल. कळणार नाही, एवढंच. मागे माझ्याकडे अशीच एक बाई आणली होती. धुणं धूत होती, ती पडेपर्यंत धूतच राहिली."

शैलजाने हात पदराला पुसले.

"मग राहू दे माझी सुई," गुरुजी म्हणाले. "मला कळतंय तोवर हिला बस तरी म्हणेन. जन्मभर मी जेवून उठलो, ही जेवली का ते विचारलं नाही. आता हिची कंबर धरली की मला इथे कळतं."

"आणि तुम्हाला काही झालं तर? अण्णा, पाय पुढे करा," शैलजा म्हणाली.

सुया निघाल्या. तासाभरात गुरुजी उठून बसले. तरतरी आली, भूकही लागली. शैलजा खाली जाऊन राहिलेल्या भाकऱ्या थापून आली आणि उभ्याउभ्याच त्यांचं ताट वाढू लागली.

"दमलीस का गं?" त्यांनी विचारलं. असं विचारायची त्यांना सवय नव्हती.

शैलजाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजले होते.

"काय माहीत, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"