बारा-नऊचा बोल्ट

पटो न पटो, हे घडलंय. मी स्वतः त्या गॅरेजात होते, माझी तान्ही लेक आयपेरी मांडीवर होती. आता ती झोपलीय, तोवर लिहून टाकते.

शुक्रवारची दुपार. किर्गिझस्तानातलं, अत्-बाशीजवळचं गाव. घाटापलीकडे सासूबाई नातीला पाळण्यात घालायला वाट बघत होत्या, आणि इकडे आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा बोल्टच तुटला होता.

माझा नवरा कुबात बाजारातून नवा घेऊन आला. डोक्यावर कडकपणाचा आकडा, १२.९.

जमीर मिस्त्री हसले. "काय रे, रणगाडा जोडायचाय? मूळचा १०.९ होता, तोच बसणार."

"पण बाइके, जास्त कडक ते चांगलंच ना?" कुबात म्हणाला. बाइके म्हणजे दादा.

"बायको कडक चालते, बोल्ट नाही! कडक लोखंड वाकून इशारा देत नाही. एकदम तुटतं. आणि खाली दरी आहे, बाबा."

दोन्ही बोल्ट ट्रेमध्ये टाकून दोघं नमाजाला गेले. मी बाकावर बाळाला पाजत बसले.

थोड्या वेळाने...

गाडीखालच्या खड्ड्यातून पान्याचा आवाज आला.

कट्... कट्...

वाटलं, मिस्त्री मागच्या दाराने परत आले.

"केलीन, बोल्ट दे."

केलीन म्हणजे सूनबाई. मला इकडे सगळेच तसं म्हणतात.

"कुठला देऊ?"

आवाज थांबला. मग...

"नवऱ्याने आणलेला."

मला खटकलं. मघाशी तर नको म्हणत होते. पण ग्रीसने माखलेला हात वर आला होता. मी १२.९ त्यावर ठेवला.

बोटं लागली. गार होती.

आयपेरी दूध सोडून खड्ड्याकडे बघायला लागली...

तेवढ्यात बाहेर हसणं ऐकू आलं. दारातून कुबात आला.

त्याच्यामागे जमीर मिस्त्री.

खड्ड्यात कोणी नव्हतं.

बोल्ट मात्र बसवलेला. त्यावर हिरव्या रंगाची ओली रेघ.

पिळून झाल्यावर मिस्त्री लोक बोल्टवरून शेजारच्या लोखंडापर्यंत अशी रेघ मारतात. बोल्ट सैल झाला की ती जुळत नाही. प्रत्येकाचा रंग वेगळा. जमीर मिस्त्रींचा पांढरा.

"मग ही कोणाची?" मी विचारलं.

मिस्त्री रेघेकडे वाकले. "तालायची. माझा धाकटा भाऊ. त्यालाही कडकच आवडायचं."

"कुठे असतात ते?"

"घाटात." त्यांनी मान घाटाकडे वळवली. "गाडी दरीतून वर काढली, केलीन. तो सापडला नाही."

कुबात पुटपुटला, "घट्ट बसलाय ना? निघू या."

"निघ तू! माझी पोरगी त्या बोल्टवर बसणार नाही."

मी तो बोल्ट काढायला लावला. मिस्त्री १०.९ बसवत होते तेव्हा नजर हलवली नाही. त्यांनी पांढरी रेघ मारली, मगच मी गाडीत बसले.

घाटमाथ्यावर सगळे गाडी थांबवून, सुखरूप प्रवासासाठी तोंडावरून हात फिरवून 'ओमीन' म्हणतात. आम्हीही थांबलो. ताजा बर्फ पडला होता. मी उतरून गाडीखाली वाकले. रेघ जागच्या जागी होती.

पण खाली बर्फात...

पाठीवर पडलेल्या माणसाचा ठसा. खांदे, कंबर, दोन टाचा.

आम्ही आत्ताच थांबलो होतो. आजूबाजूला माझ्याशिवाय कोणाचं पाऊल नव्हतं.

सुखरूप पोहोचलो. कुबात म्हणतो, "बघ, झालं काही?"

नाही झालं. गाडी अजून तीच आहे. पण थांबली की मी आधी बाळाला घेऊन उतरते.

तालाय गाडीखाली बोल्ट घट्ट करतो की सैल...

मला अजून कळलेलं नाही.