येते हं!

लिफ्ट दुरुस्तीचं काम ती करायची. लिफ्ट रिकामी चालली आहे की माणूस घेऊन, हे तिला भिंतीपलीकडूनही नुसत्या आवाजावरून कळायचं. आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी ढिलं आहे, ते आवळायचं आणि घरी जाऊन जेवायचं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. त्यामुळे डोंगरावरच्या तळ्याबद्दल कुणी कुजबुजायला लागलं, की तिचं टाळकं सटकायचं.

कुजबुजायला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात तिचे वडील, आप्पा, त्या तळ्यावर गळ टाकायला गेले ते परत आलेच नाहीत. काठावर त्यांचे बूट सापडले, नीट जोडून ठेवलेले. तेव्हापासून घरातल्या डोंगराकडच्या खिडकीचा पडदा कुणी सरकवत नव्हतं.

“रविवारी आपण तळ्यावर जायचं,” तिने एक दिवस जाहीर केलं.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” नवरा म्हणाला.

“अगदी जागेवर आहे. पाण्याला भिऊन जन्मभर पडदे लावून बसायचं? माझ्या पोरीला मी भित्री करणार नाही.”

नवऱ्याची बेकरी होती. त्याने मुकाट्याने पाव बांधून घेतले. तिच्यापुढे बोलून कुणाचं काही चाललंय?

पोरीला घरात भिंगरी म्हणायचे, आणि ती नावाला जागून वाटभर पुढे-मागे पळत होती. वर चढता चढता झाडं संपली आणि वारा पडला. तळं काठोकाठ भरलेलं होतं, काळंभोर, एक तरंग नाही. तिघांनी खडकावर बसून पाव खाल्ले. नवऱ्याने उगाच “ओऽऽ” केलं, समोरच्या कड्याने ते परत केलं. भिंगरीला मजा वाटली, तिने ओरडून ओरडून कड्याला हैराण केलं.

“बघितलंस? साधं तळं, साधा कडा,” ती नवऱ्याला म्हणाली आणि तिने एक दगड उचलून पाण्यात भिरकावला. दगड बुडाला. आवाज मात्र आला नाही.

“लांब पडला असेल,” नवरा म्हणाला आणि घाईने डबे भरू लागला.

निघायची वेळ झाली. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आप्पांनी भिंगरीच्या अंगी बाणवलं होतं. ती दुकानदाराला म्हणायची, डॉक्टरला म्हणायची, बागेतल्या झोपाळ्यालासुद्धा म्हणायची. काठावर उभी राहून तिने हात हलवला.

“येते हं!”

या वेळी कड्याने काहीच परत केलं नाही.

“ये,” पाणी म्हणालं.

आवाज आप्पांचा होता. आरामखुर्चीतून द्यायचे तसाच, जरा झोपाळलेला, मायेचा.

“आजोबा!” भिंगरी हरखली आणि तिने बुटासकट एक पाय पाण्यात घातला. आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं. तिला भीती वाटली, खूप वाटली, आणि भीती वाटली याचाच भयंकर राग आला.

“ती येणार नाही!” ती पाण्यावर ओरडली. “लेकराचा शब्द धरायचा नाही, कळलं? आम्ही जातो. जातो म्हणतेय मी, येतो नाही!”

“ये,” पाणी म्हणालं.

“अगं, चल इथून,” नवरा डबे उचलत म्हणाला.

“थांब जरा,” ती त्याला म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे वळली. “एकाला गिळलंस, तेवढं पुरे. एवढीच हौस असेल तर तू ये! मी दारातच उभी असेन.”

मग सावकाश, आप्पांच्याच आवाजात:

“येतो.”

नवऱ्याने सुस्कारा सोडला. “निरोप घेतला गं. आप्पा निघताना असंच म्हणायचे. गेले. सुटलो.”

तिने मान हलवली. निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो, हे खरंच. पण खरोखर यायचं असलं, तरी माणूस दुसरं काय म्हणणार? उतरताना तिने भिंगरीचा हात एकदाही सोडला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने स्वतःच्या हाताने पडदा सरकवला. डोंगराकडे तोंड करून सगळे जेवायला बसले.

तेवढ्यात खाली लिफ्ट सुरू झाली.

तिने हातातला घास ठेवला. आवाजावरून आत एकच माणूस होता. लिफ्ट वर येत राहिली आणि त्यांच्या मजल्यावर थांबली.

तिने पाना उचलला आणि दार उघडलं.

लिफ्टचं दार सरकलं. आत कुणी नव्हतं. दिवा नीट जळत होता. फरशी कोरडी होती.

“या दारातून कुणी आत येणार नाही,” ती म्हणाली आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

लिफ्टचं दार मिटलं. लिफ्ट खाली निघाली. जिना शांत होता.

“रिकामीच आली ना?” आतून नवऱ्याने विचारलं.

खाली जाणाऱ्या लिफ्टचा आवाज ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “रिकामी गेली.”