पाचवी हाक

आमचं लग्न डिसेंबरात झालं, पण स्वानंदची रजा मंजूर झाली मार्चमध्ये. नागपूरची माणसं चिखलदऱ्याला पावसाळ्यात जातात. आम्ही गेलो तेव्हा ना धुकं ना धबधबा, डोंगरभर नुसतं वाळकं गवत. हॉटेलात आमच्याशिवाय एक मांजर.

लग्नात स्वानंदने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं: गोपिका. सासूबाईंच्या पसंतीचं. मी वाद घातला नाही. मला ते जमत नाही. फक्त मनात ठरवलं, कागदोपत्री वैभवीच राहायचं. आणि माहेरी, काटोलला, आई वैभवी म्हणायचीच. तेवढं मला पुरत होतं.

चार वाजता पंचबोल पॉइंटला गेलो. दरीत हाक मारली की ती पाचदा परत येते म्हणतात. टपऱ्या बंद होत्या, एक सोडून. चहावाल्या यमुताईंनी माझा हिरवा चुडा पाहिला.

"नवी नवरी हाये का वं?"

"हो."

"मंग तिकडून हाक आली तं ओ नोको देजो. सीझनात हजार लोकं वरडतात, काही होत नाही. आता सामसूम हाये... ओ देल्ली, का नाव ठेवून घेते ते."

'ते' म्हणजे कोण, हे स्वानंदने विचारलं नाही. चहात साखर कमी आहे म्हणाला.

कठड्याशी उभं राहून त्याने हाक मारली, "गोपिकाऽऽ!"

गोपिका... गोपिका... तिसरी, चौथी, दरवेळी जरा बारीक होत गेलेली. पाचवी बारीक नव्हती. अगदी जवळून आली, कठड्याच्या पलीकडून, जिथे पाय ठेवायलाही जागा नाही.

"वैभवी..."

तीन महिन्यांत सासरी त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती.

"ओ," मी म्हणाले.

"कोणाला ओ दिलीस?" स्वानंद वळला. "पाचवी आलीच नाही. चारच आल्या."

मागे यमुताईंनी आमच्याकडे न बघता टपरीचं फळकूट लावून घेतलं.

हॉटेलवर येऊन आईला फोन लावला.

"बोल गोपिका, जेवली का?"

"आई... तू मले घरी काय म्हणते?"

"गोपिकाच तं! काहून वं, असं काहून विचारून राहिली?"

पर्समधून आधार कार्ड काढलं. फोटो कॉलेजातलाच, दोन वेण्यांचा. नाव गोपिका.

परवा शाळेपासूनची मैत्रीण सोनिका पंचबोलला जाऊन आली. तिलाही मी गोपिका म्हणूनच आठवते. सीताबर्डीला भेटली, तर हसत सांगत होती, "दरीत कोणीतरी पोरगी होती वं. आवाज सेम तुझा. आम्ही हाक मारूनच नव्हतो राहिलो, अन् ती आपली ओ देऊन राहिली होती... एकसारखी."