शेवटच्या वाक्याआधी

नारीनच्या बसथांब्यावर त्या दिवशी धड पाऊसही नव्हता नि धड बर्फही. गरम नान छातीशी धरून मी चिखलातून चालले होते, तेवढ्यात मागून हाक आली,

“एजे, रेडिओ केंद्र कुठंय हो?”

मी वळले. उंच तरुण... खांद्यावर पिशवी, पापण्यांवर पाणी, थंडीनं नाक लालबुंद.

“एजे? थोरली ताई म्हणण्याइतकी मोठी दिसते मी?”

“मग काय म्हणू?”

“अनीपा. चला, मीही तिथंच चाललेय.”

त्याचं नाव एल्दियार. आमचा सर्व्हर दुरुस्त करायला तो राजधानीतून, बिश्केकहून आला होता. सर्व्हरची डिस्क सारखी भरायची नि बातम्या मध्येच बंद पडायच्या. आमच्या प्रमुख साकिन एजेंनी दोनदा जुन्या फाइली काढून जागा केली, तरी डिस्क परत काठोकाठ! आता आणखी एकदा बंद पडलं, की जुन्या कार्यक्रमांचा सगळा संग्रह राजधानीत हलवणार होते. तो संग्रह मी सांभाळायचे. तो गेला असता, तर माझं काय उरलं असतं...?

एल्दियार माझ्याच खोलीत बसायचा.

“साखर किती?” मी चहा ओतत विचारलं.

“तुम्ही ढवळणार असाल तर एकही नको.”

“असलं बिश्केकच्या मुलींना सांगा.”

“त्या चहाच देत नाहीत!”

मला हसू आलं, पण ओठांपाशीच अडलं. नऊ महिने ते तिथंच अडत होतं.

“तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरलीय,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. “खरं तर काम झालं की त्या आपोआप पुसल्या जातात. या का राहतायत, ते कळल्याशिवाय मी एकही पुसणार नाही. नुसत्या पुसल्या, तर महिन्याभरात परत तेच.”

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी नेहमीसारखे कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले. डोळे उघडले, तर एल्दियार समोर उभा. चेहऱ्यावरची थट्टा पार मावळलेली.

“अनीपा... या सगळ्या फाइलींवर ज्याचं नाव आहे, तो तालाय कोण?”

मी हेडफोन काढले.

“आमचा निवेदक,” मी म्हणाले. “गेल्या वसंतात आमचं लग्न व्हायचं होतं. त्याआधीच फुफ्फुसांच्या आजारानं... एका म्हाताऱ्या घोडेवाल्याची मुलाखत घेतली होती त्यानं. बाकी सगळं तो थेट प्रसारणात बोलायचा. त्याचा तेवढाच आवाज उरलाय.”

“आणि तुम्ही ती दर वेळी शेवटाआधीच बंद करता.”

“शेवटी तो ‘उद्या भेटू’ म्हणतो. तेवढं नाही ऐकवत मला.”

तो खुर्ची ओढून हळूच बसला.

“मुलाखत उघडली की तिची एक तात्पुरती प्रत तयार होते. शेवटपर्यंत वाजली की पुसली जाते. मध्येच थांबवली, तर तशीच पडून राहते. दोनशे अकरा प्रती आहेत, अनीपा.”

त्याचा हात माउसकडे गेला नि मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“पुसू नका! मूळ फीत बुरशीनं खराब झालीय, ही मुलाखत दुसरीकडे कुठंच नाही!”

“मूळ फाइल वेगळी आहे. तिला मी हात लावणार नाही. हे बघा.” त्यानं ती दाखवली, वाजवलीसुद्धा. तालाय हसत होता... मी मनगट सोडलं.

“आता साकिन एजेंना सांगाल ना? माझ्यामुळे झालं म्हणून?”

“प्रोग्रामची चूक होती, तेच लिहीन. थांबवल्यावरही प्रत पुसली जायला हवी होती. ते दुरुस्त करतोय. मध्येच थांबणं हा काही गुन्हा नाही.”

त्या दोनशे अकरा प्रती मीच पुसल्या. मग टेबलावर डोकं टेकून रडले. तो दार लोटून बाहेर उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून.

पुढचे दोन दिवस मी मुलाखत मध्येच थांबवली, तरी एकही प्रत मागे राहिली नाही. संग्रह नारीनमध्येच राहिला. एल्दियार निघाला, तेव्हा मी थांब्यापर्यंत गेले.

“सर्व्हर बिघडला तरच बोलावणार का?” त्यानं विचारलं. मग मान खाली घालून म्हणाला, “मला तुम्ही... फार आवडलात. उत्तर नको आज.”

बोचऱ्या वाऱ्यात मी डोक्यावरचा रुमाल घट्ट ओढून घेतला. तालायची आठवण तसूभरही कमी झाली नव्हती. तरी हा माणूस जाऊ नये, असंही वाटत होतं... त्याची लाजही वाटत होती.

“लवकर येऊ नका,” मी म्हणाले. “पण या. बर्फ वितळल्यावर.”

“इथं एप्रिलपर्यंत वितळत नाही!”

“माहितीय मला.”

तो व्हॅनमध्ये चढला. लगेच काच सरकवून डोकं बाहेर — “एप्रिलची कुठली तारीख?”

“ए बाबा, काच लाव! गारठून मरू आम्ही!” ड्रायव्हर ओरडला.

मी हसले. खळखळून, आवाज येईल इतकी. आणि पाठोपाठ डोळे भरून आले. गाडी हलली, तरी तो काचेला नाक लावून उत्तराची वाट बघत होता.

मी दोन्ही हातांची बोटं पसरून त्याला दाखवली... दहा.