दुपारचा निरोप

“मले फाशी द्या, पण निरोप आला अन् मी तो ऐकला नाही, असं म्हणू नका!”

धम्मशीला बसायला तयार नव्हती. तिच्या गालावरचा वळ अजून निळा होता. जानेफळच्या एका खाजगी दवाखान्यात ती सिस्टर. गेल्या आठवड्यात तिथं काजल नावाची तरुण बाई दम लागून मेली, आणि गावानं निकाल देऊन टाकला की सिस्टरनं मारली. गावाला निकाल द्यायला वेळ लागत नाही. कुणाविरुद्ध द्यायचा तेही ठरलेलंच असतं.

शरयूनं चष्मा काढून डोळे चोळले. बुलढाण्यात तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. कामं बहुतेक एकाच जातीची, होणारा जावई दारू पितो का एवढीच. तिचा जोडीदार पुंजाजी, रिटायर्ड हवालदार, तंबाखू मळत होता.

“पहिल्यापासून सांग.”

“दुपारी डॉक्टरसाहेब वरच्या मजल्यावर झोपते. उठवायचं नाही, असा हुकूम. म्हणून तर काउंटरच्या जुन्या फोनले निरोपाचं मशीन लावलं, दुपारचे फोन तेच घेते. त्या दुपारी काजलले एकदम दम लागला. मी ऑक्सिजन लावला. वर फोन केला, वाजत राह्यला. मोबाइल बंद. जिन्याच्या जाळीले आतून कुलूप, ती बडवली, ओरडली, कोणी ओ देईना. साहेबाच्या चिठ्ठीबिगर पेशंट हलवायचा नाही, तरी तिच्या नवऱ्याले म्हटलं, गाडी आण. तो येईस्तोवर खेळ खलास.”

“आणि डॉक्टर?”

“मंग आले मागच्या दारानं. म्हणे साखरखेर्ड्याले जेवायले गेलतो, तिथून निरोप ठेवला, तू ऐकला काऊन नाही? सगळ्याईले मशीन ऐकवलं. आवाज साहेबाचाच. काजलच्या नवऱ्यानं, भागवतनं, तिथंच मले मारलं. आता पोलिसात तक्रार देऊन राह्यला. नोकरी तर गेलीच, आता सिस्टरकीचा कागदही जाईल. मंग मी काय करू?”

पुंजाजी हळूच म्हणाला, “ताई, आवाज त्याईचाच असल तर केस खतम.”

“चला, ऐकून तर येऊ,” शरयू म्हणाली.

डॉ. वैजनाथ शांत होते. त्यांनी चहाही मागवला.

“मोबाइलची बॅटरी गेली होती. मित्राच्या घरच्या लँडलाइनवरून इथं काउंटरला फोन केला. उचलला नाही, मशीननं घेतला. लाल दिवा लागतो हो मशीनवर. तेवढंही बघायचं नाही?”

“कधी केलात?”

“जेवण झाल्या झाल्या. तिच्या हातात भरपूर वेळ होता.”

“सकाळी काजल कशी होती?”

“तापाची पेशंट, पण उत्तम. राउंडला हसत होती. मग मी निघालो. मित्र साक्ष देईल, आजच बोलावू का?”

पुंजाजीनं मान डोलावली. त्याला साक्ष फार आवडायची.

मशीन बसवणारा धवल मेहकरहून आला आणि आल्या आल्या कावला. “मशीनमध्ये खोट नाही, ताई. आतले-बाहेरचे फोन जोडणारी ही एक्स्चेंजची पेटी साहेबांच्या वडिलांच्या काळची. तिच्यात निरोपाची सोय नव्हती, मी मशीन जोडलं. पेटीला वाटतं, हाही टेबलावरचा एक फोनच. मशीनला तारीख-वेळ समजत नाही, आले त्या क्रमानं निरोप वाजतात, बस. अन् बाहेरच्यानं फोन ठेवला तरी पेटीला पत्ता नाही. लाइनीचा टूंऽ टूंऽ निरोपाच्या शेपटाला भरून राहतो. साहेब त्याच्यावरून बोंबलतात. मी म्हटलं, नवी पेटी घ्या. वर एसी बसवायला पैसा आहे, पेटीला नाही!”

“पुंजाजीभाऊ,” शरयू म्हणाली, “वॉर्डातून काउंटरला फोन लावा बरं.”

पुंजाजीनं लावला, काउंटरवर शरयूनं उचलला. “हॅलो, मी पुंजाजी.” आणि ठेवला. शरयूच्या कानात भरभर टिक्-टिक्-टिक् वाजलं.

“चालते की आतले फोन,” पुंजाजी परत येऊन म्हणाला. “पोरगी वर फोन लावल्याचं म्हणते, ते खरं असू शकते.”

मग शरयूनं त्या दिवसाचे निरोप लावले. दोनच होते.

“सिस्टर, गाडी भेटली, निघालो. काजलले सांगा, आलोच.” टूंऽ… टूंऽ…

भागवत. पुंजाजीनं तोंडातली तंबाखू थुंकून टाकली.

नंतर डॉक्टर. “डॉ. वैजनाथ, साखरखेर्ड्याहून बोलतोय. काजलला दम लागलाय, ताबडतोब बुलढाण्याला हलवा. चिठ्ठीची वाट बघू नका.” टिक्-टिक्-टिक्.

“आवाज त्याईचाच, ताई. पोरीचं काही खरं नाही.”

“दोन्ही तुमच्या मोबाइलमध्ये उतरवून घ्या. शेपटासकट.”

दुसऱ्या दुपारी काउंटरपाशी सगळे उभे होते. भागवत दाढी वाढलेला, धम्मशीला दाराजवळ. शरयूनं दोन्ही निरोप पुन्हा लावले.

“डॉक्टर, भागवतचा निरोप आधी आहे, तुमचा नंतर. म्हणजे गाडी मिळाल्यावर तुम्ही बोललात. भागवत गाडी शोधत होता तेव्हा सिस्टर काजलचा हात धरून बसली होती. भागवतचाही फोन तिनं म्हणूनच उचलला नाही.”

“असेल उशीर झालेला. पण फोन केला ना?”

“केलात. कुठून? भागवत रस्त्यावरून बोलला, शेवटी टूंऽ टूंऽ भरलं. तुमच्या शेवटी टिक्-टिक् आहे. काल पुंजाजीभाऊंनी वॉर्डातला फोन ठेवला तेव्हा हाच आवाज आला. बाहेरच्यानं फोन ठेवलेला या पेटीला कळत नाही, आतल्यानं ठेवलेला कळतो, मग ती टिक्-टिक् करते. हा निरोप याच इमारतीतून आला.”

धवलनं कपाळावर हात मारला. पुंजाजीचं तोंड उघडंच राहिलं.

“जुनं भंगार आहे ते!” डॉक्टर ओरडले.

“बरं, भंगार. मित्राची साक्षही ठेवा बाजूला. मग हे सांगा. सकाळी ती हसत होती, तुमचा मोबाइल बंद. दम लागलाय, हे साखरखेर्ड्यात तुम्हाला कुणी सांगितलं? सिस्टर जाळी बडवून तेच ओरडत होती. ते ऐकू जाईल अशी एकच जागा आहे, तुमची खोली. खाली रडारड झाली तेव्हा काउंटर रिकामा होता. तुम्ही वरून फोन लावला, मागच्या जिन्यानं उतरलात आणि मागच्या दारानं पाहुण्यासारखे आलात.”

डॉक्टरांचा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

“पुसा,” शरयू म्हणाली. “आमच्याकडे आहे.”

ते खुर्चीत बसले. “मला वाटलं, सिस्टर उगाच घाबरली असेल. ही लोकं जरा काही झालं की…”

“कोणती लोकं?” शरयूनं विचारलं.

डॉक्टर काउंटरवरचे कागद नीट लावू लागले.

भागवत धम्मशीलेसमोर जाऊन उभा राहिला. “सिस्टर… माह्या हातानं…”

“राहू द्या,” ती म्हणाली. “काजलताई शेवटी तुम्हालेच विचारत होती. मी सांगितलं, येऊन राह्यले.”

“आता डॉक्टर जेलात जाईल काय, ताई?” पुंजाजीनं विचारलं.

“माहीत नाही, भाऊ. वकील चांगला करतील ते.” शरयूचा आवाज थकला होता. “पण पोरीवरची तक्रार भागवत आज मागं घेईल.”

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. दुपारची वेळ. सवयीनं सगळे मशीनकडे बघत थांबले.

धम्मशीलेनं मशीनची वायर उपटली आणि रिसीव्हर उचलला.

“हॅलो, दवाखाना. बोला, काय होऊन राह्यलं?”