ओढ्यातली ओ

मी ज्याचा अभ्यास करते त्या, जंगलातल्या ओढ्यांमध्ये राहणाऱ्या बेडकाबद्दल फारसं कुणालाच माहीत नाही. त्याला शोधायची पद्धत मात्र सोपी आहे. दगडावर स्पीकर ठेवायचा, नराची हाक वाजवायची आणि गप्प बसायचं. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. जवळपास नर असला तर तो ओ देतो, आणि एकदा ओ दिली की हळूहळू स्पीकरकडे सरकत येतो. ओ मिळाली की मी माइकमध्ये म्हणते, “नोंद झाली.”

मला एकटीला सोडायला आई तयार नव्हती, म्हणून धाकटीला सोबत घेतलं. “नेतेस तशी परत आण तिला,” आईनं बजावलं.

“बेडकांची लग्नं जुळवतेस होय?” चपला हातात घेऊन ओल्या दगडांवरून चालताना धाकटी म्हणाली. “आधी स्वतःचं बघ, ताई.”

सकाळभर एकही बेडूक बोलला नाही. पाण्याचा खळखळाट आणि कुजलेल्या पानांचा वास, एवढंच. मग मी स्पीकर घेऊन वरच्या वळणापाशी गेले. धाकटी खाली माइकजवळ बसली. परत आले तेव्हा ती वैतागलेली होती.

“सारख्या काय हाका मारतेस गं?”

“मी? कधी?”

“आत्ता. ‘धाकटे, धाकटे’ म्हणून. तिकडून.” तिनं पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

तिकडे मी गेलेच नव्हते.

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? ओ दिली.”

मी लगेच सामान आवरलं. वाटभर तिचा हात सोडला नाही. ती हसत होती.

घरी आल्यावर हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. पाण्याच्या आवाजात माझा आवाज, अगदी स्पष्ट. “धाकटे!” मग शांतता. पुन्हा हाक. पुन्हा शांतता. दोन हाकांमधलं अंतर नेमकं माझ्या स्पीकरवरच्या हाकांइतकंच होतं.

मग जवळून धाकटीची ओ.

आणि त्यानंतर, माझ्याच आवाजात, सावकाश, “नोंद झाली.”

मी हेडफोन काढले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“ओ!” धाकटी म्हणाली.

“कुणाला गं?” आईनं विचारलं.

“ताई बोलावतेय ना.”

“मी नाही!” मी ओरडले.

“आले गं, आले.”

माझी खोली पुढच्या बाजूला आहे. कडी निघाली ती मागच्या दाराची.